पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या हातांसाठी हत्यारे : प्रकल्प नोंदी

१७ जानेवारी २०२५

प्रकल्पाची हद्द आज निश्चित केली. फुटपाथ, सोसायट्यांची आवारे आणि अंतर्गत रस्ते यांवर काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक हाताने बसवणाऱ्या टोळीची हत्यारे, एवढाच विषय घ्यायचा. ब्लॉक कापताना उडणारी धूळ आणि बसलेले ब्लॉक दाबणाऱ्या यंत्राची, म्हणजे कॉम्पॅक्टरची, थरथर हे दोन्ही प्रश्न गंभीर आहेत. परंतु त्यांची उत्तरे पाण्याच्या फवाऱ्यात, मास्कमध्ये आणि यंत्राच्या रचनेत शोधावी लागतील, म्हणून ते बाजूला ठेवले आहेत.

निरीक्षणासाठी पिंपरी-चिंचवड परिसरातील एका गृहसंकुलाचे काम मिळाले आहे. टोळीतील बहुतेक माणसे यादगीर आणि लातूरकडची आहेत. बसवणारे मिस्त्री, वाळूची पातळी करणारे व ब्लॉक हातात देणारे बिगारी आणि थप्पीपासून कामापर्यंत ब्लॉक वाहणाऱ्या बायका अशी कामाची विभागणी आहे. काम स्क्वेअर फुटाच्या दराने घेतलेले आहे. ही गोष्ट पहिल्याच नोंदीत लिहून ठेवणे आवश्यक वाटते, कारण शरीराला कितीही सुख देणारे हत्यार असले तरी त्यामुळे दिवसाचे फूट कमी भरणार असतील तर ते दुपारच्या जेवणानंतर कुणी हातात घेणार नाही, आणि त्यात त्यांची काही चूकही नसेल.

वजनांचा हिशेब असा आहे. आयएस १५६५८ या भारतीय मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत, वाहने न येणाऱ्या जागेसाठी ५० मि.मी. जाडीचा एम-३० (चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसणारा) ब्लॉक, हलक्या वाहतुकीसाठी ६० मि.मी.चा एम-३५, मध्यम वाहतुकीसाठी ८० मि.मी.चा एम-४० आणि त्यापुढे १०० व १२० मि.मी. अशी चढण आहे. आमच्या कामावर ८० मि.मी.चा झिगझॅग, म्हणजे नागमोडी बाजूंचा, ब्लॉक आहे. काँक्रीटचे वजन घनमीटरला २४०० किलो धरले तर ८० मि.मी. जाडीचा एक चौरस मीटर १९२ किलो भरतो. त्यात झिगझॅगचे ३९-४० नग बसतात, म्हणजे एक ब्लॉक सुमारे ४.८ किलोचा. टोळीच्या भाषेत बोलायचे तर १०० स्क्वेअर फुटांत सुमारे १७८० किलो काँक्रीट एकेका ब्लॉकने एका माणसाच्या बोटांतून जाते.

२४ जानेवारी

दिवसभर केवळ हात पाहिले. मिस्त्री बसलेल्या ब्लॉकांवर उकिडवे बसतात आणि पुढच्या पातळी केलेल्या वाळूकडे तोंड करून काम करतात. बिगारी डाव्या हाताशी ब्लॉक ठेवतो. मिस्त्री तो पंजा खाली घालून उचलतात, म्हणजे इथपर्यंत वजन तळहातावर असते. परंतु ब्लॉक जागेवर सोडताना हात खाली राहू शकत नाही. शेवटच्या वीतभर अंतरात पंजा निसटून वर येतो आणि सगळे वजन अंगठा आणि समोरची तीन बोटे यांच्या चिमटीत जाते. त्याच चिमटीत ब्लॉक किंचित तिरपा करून, त्याची खालची कड आधीच्या ब्लॉकला घासत, वाळूला धक्का न लावता खाली सोडायचा असतो. वाळू खरवडली तर ब्लॉक डुगडुगतो आणि पुन्हा काढावा लागतो.

मूठ आणि चिमूट हा फरक हाताच्या रचनेचे अभ्यासक जॉन नेपिअर यांनी १९५६ मध्ये मांडला, आणि हत्याराच्या विचारात तो अजूनही पहिल्यांदा उपयोगी पडतो. चिमटीची ताकद मुठीच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्श्याएवढी किंवा त्याहून कमी असते. बोट आणि काँक्रीट यांतील घर्षणांक ०.५ धरला तर ४.८ किलोचा ब्लॉक निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ४.८ किलोभाराचा दाब द्यावा लागतो, आणि तोही अंगठा शंभराहून अधिक मिलिमीटर फाकवून. एखाद्या ब्लॉकला ते काहीच नाही. १०० स्क्वेअर फुटांत मात्र ते साडेतीनशेहून अधिक वेळा होते.

शरीरावर कुठे दुखते हे विचारण्यासाठी कॉर्लेट आणि बिशप यांची १९७६ ची मानवी आकृतीची पद्धत वापरली. आकृती कागदावर ठेवून फक्त बोट ठेवायला सांगितले. कंबरेवर बोट येणार हे अपेक्षितच होते. अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या पेरांवर इतकी बोटे येतील असे मात्र वाटले नव्हते. एका मिस्त्रींच्या बोटांना मोटारसायकलच्या ट्यूबचे कापलेले वेढे होते. विटा उतरवणारे लोक हातात ट्यूबचे तुकडे धरतात ते सर्वांनी पाहिलेले असते. येथे तेच बोटांच्या मापाने कापले होते. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “सर, हातमोजा घातला की सांधा कळत नाही. याच्यात बोटाचं टोक उघडं राहतं.”

६ फेब्रुवारी

एक ब्लॉक उचलून जागेवर ठेवणारी पकड करावी, ही सूचना प्रकल्पाच्या पहिल्या चर्चेपासून सर्वांच्या तोंडी आहे. आज तिचा कागदावरच निकाल लावला. नवा ब्लॉक बसतो तेव्हा त्याच्या लगतच्या दोन बाजू आधी बसलेल्या ब्लॉकांना टेकतात आणि दोनच मोकळ्या राहतात, त्यामुळे समोरासमोरच्या कोणत्याही जोडीतील एक बाजू टेकलेलीच असते. सांधा २ ते ४ मि.मी.चा असायला हवा. लोखंडी पात आणि तिच्यावरचे रबर मिळून जबडा ५ मि.मी.च्या खाली येत नाही. तो टेकलेल्या बाजूला घातला तर सांधा फाकतो, आणि दहा ओळींनंतर आखणीची दोरी आणि ब्लॉक यांची फारकत होते. निर्वात चषकाची पकड गुळगुळीत फरशीला चालते, परंतु पेव्हरच्या खरबरीत पृष्ठावर हवा आत शिरते. तेव्हा बसवण्यासाठी हातच राहणार, हे गृहीत धरून पुढे जायचे.

यातून दोन गोष्टी निघतात. चिमटीतला दाब कमी करायचा असेल तर घर्षण वाढवावे लागेल, म्हणजे त्या मिस्त्रींनी ट्यूबचे जे केले आहे तेच नीट मापाने करावे. आणि जबड्याची पकड उपयोगी पडेल ती ब्लॉक काढताना, बसवताना नव्हे. केबल किंवा पाण्याची लाइन टाकण्यासाठी बसवलेला फुटपाथ वारंवार उकलला जातो, आणि पहिला ब्लॉक काढण्यासाठी बहुतेक वेळा तो पहारीने फोडलाच जातो. ही दुसरी गोष्ट पुढे सविस्तर घ्यायची आहे.

नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीत या कामासाठी तयार हत्यारे मिळतात आणि मोठ्या जागेवर ब्लॉकांचा अख्खा थर यंत्राच्या पकडीने उचलून ठेवतात. त्यांची चित्रे पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते : तेथील कामगार गुडघ्यांवर काम करतो, म्हणून गुडघ्याच्या गाद्या आणि त्या बैठकीला जुळणाऱ्या दांड्याच्या लांब्या आल्या. आपला मिस्त्री उकिडवा बसतो. बैठक बदलली की हाताची उंची, कोपराचा कोन आणि हत्याराची पोच या तिन्ही गोष्टी बदलतात. ती हत्यारे जशीच्या तशी आणून चालणार नाही.

७ फेब्रुवारी

शरीरस्थितीचे गुणांकन कोणत्या पद्धतीने करायचे यावर थोडा वेळ गेला. १९९३ ची रूला पद्धत हातांसाठी चांगली आहे, पण पायांबद्दल ती आधार आणि तोल आहे की नाही एवढेच विचारते. २००० मधील रेबा पद्धतीत गुडघा ६० अंशांपेक्षा अधिक वाकला तर स्वतंत्र गुण मिळतो, म्हणून ती घेतली. निऑश या अमेरिकी कामगार-आरोग्य संस्थेचे वजन उचलण्याचे सूत्र १९९१ च्या सुधारित रूपातही एका हाताने किंवा बसून उचलण्याला लागू नाही, हे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले आहे. तेव्हा त्यातला २३ किलोचा स्थिरांक, म्हणजे आदर्श स्थितीतील कमाल वजन, येथे ओढून आणण्यात अर्थ नाही.

१९ फेब्रुवारी

रबरी हातोडी. टोळीतील जुन्या हातोड्या मागून घेऊन मेजावर मांडल्या आणि त्यांच्या तोंडांची झीज पाहिली. प्रत्येकीची झीज एकाच बाजूला होती, ती म्हणजे दांड्यापासून दूर असलेल्या कडेला. त्या कडेचे रबर तिरके उतरून गेले होते आणि जवळची कड जवळजवळ नवी होती.

कारण मोजल्यावर समजते. बाजारातील साध्या हातोडीचे डोके सुमारे ११० मि.मी. लांब असते आणि दांडा त्याच्या मधोमध बसवलेला असतो, त्यामुळे ठोका पडतो त्या क्षणी दांड्याचा मध्य ब्लॉकपासून ५५ मि.मी. वर असतो. दांड्याची अर्धी जाडी आणि त्याखाली वळलेल्या बोटांची जाडी मिळून ४० ते ४५ मि.मी. जातात. म्हणजे बोटांची पेरे आणि खरबरीत काँक्रीट यांच्यात बोटभरही अंतर उरत नाही. पेरे सोलू नयेत म्हणून मिस्त्री दांड्याचे हाताकडचे टोक वर उचलून मारतात. त्यामुळे तोंडाची फक्त लांबची कड ब्लॉकवर पडते, ब्लॉक एका बाजूने अधिक दबतो, आणि तो सरळ करायला आणखी दोन ठोके लागतात. शिवाय दांडा असा उतरता धरला की मनगट करंगळीच्या बाजूला वाकते, आणि वाकलेल्या मनगटानेच धक्का झेलला जातो.

अशा वेळी मनगट वाकवण्याऐवजी हत्यार वाकवावे, हा काम आणि शरीर यांच्या संबंधाचे अभ्यासक टिशावर यांचा सल्ला सर्वत्र सांगितला जातो, आणि जॉन बेनेट यांची १९ अंश वाकवलेली मूठ त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. येथे ती उलटी पडते. मूठ त्या दिशेने वाकवली तर मनगट सरळ होते खरे, पण मूठ जमिनीच्या आणखी जवळ जाते. ते टेबलावर, कमरेच्या उंचीवर ठोकणाऱ्यासाठी ठीक आहे. पायाशी ठोकणाऱ्यासाठी नाही. म्हणून दांडा वाकवण्याऐवजी डोक्यातले भोक वर सरकवावे असे ठरवले. तोंडापासून दांड्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ५५ ऐवजी ८५ मि.मी. केले तर पेरांखाली सुमारे ४० मि.मी. मोकळी जागा मिळते, दांडा आडवा राहतो, तोंड सपाट पडते आणि मनगटही वाकत नाही.

३ मार्च

भोसरीतील एका कारखान्यात डोकी खरादून घेतली. अंग नायलॉनचे, तोंड रबराचे, आणि तोंड मधल्या एका बोल्टवर बसवलेले, कारण भोक वर गेल्यामुळे हातोडी एकतोंडी झाली आहे. साध्या हातोडीचे एक तोंड झिजले की ती उलटी धरता येते, ही सोय आपण काढून घेत आहोत. तेव्हा तोंड बदलता येणे हे किमान देणे लागते. एकूण वजन साध्या हातोडीएवढे, पाऊण किलोच्या आसपास ठेवले.

दांडा बाभळीचा. बोहरी आळीत तयार दांडे मिळतात, परंतु ते गोल असतात, आणि एकतोंडी हातोडी गोल दांड्यावर हातात फिरते. म्हणून ३६ गुणिले २८ मि.मी.चा लंबगोल छेद करून घेतला. त्यामुळे तोंड कोणीकडे आहे हे न पाहता हाताला कळते. पाचर लोखंडी घातली आहे. लाकडी पाचर उन्हात सुकून ढिली होते, असे कारखान्यातल्या वयस्क खरादीने बजावले होते आणि त्याचे म्हणणे मानले.

२८ मार्च

टोळी पाडव्याला गावी निघण्याआधी हातोडीची चाचणी उरकली. नवी हातोडी पहिल्या सकाळी सर्वांना जड वाटली, जरी काट्यावर ती तेवढीच होती. भार दांड्याच्या खाली गेल्यामुळे मनगटाला तिचा झोका अधिक जाणवतो. मधोमध ठोका पडला तर काही वाटत नाही, पण तोंडाची कड ब्लॉकच्या कडेवर पडली की डोके हातात वळते. वरचा भाग थोडा भरून भारकेंद्र दांड्याजवळ आणावे लागेल.

उपयोग कितपत झाला हे झिजेवरूनच ठरवायचे होते. चाचणीनंतर तोंडावर कार्बन कागद दाबून छाप घेतले, आणि ते जवळजवळ पूर्ण गोल आले. मिस्त्रींना त्या छापांत काही रस नव्हता. त्यांना वेगळी गोष्ट आवडली : सरळ दोरीच्या अगदी कडेला, कर्बस्टोनच्या खोबणीत, जिथे मूठ घालायला जागाच नसते, तिथे नव्या हातोडीने ठोकता येते. आतापर्यंत तेथे लाकडाचा तुकडा ठेवून त्याच्यावर मारावे लागे. हा फायदा आमच्या गणितात कुठेच नव्हता.

९ एप्रिल

बैठक. कोरियात भाजीच्या शेतात काम करणारे लोक कमरेला बांधायची फोमची बुटकी बैठक वापरतात. तिच्या धर्तीवर १२० मि.मी. उंचीची एक बैठक शिवून घेतली. सरळ लांब ओळ असली की ती बरी पडते, कारण माणूस फक्त बाजूला सरकत जातो. पण वळणावर, झाकणांभोवती आणि तुकडे बसवताना मिस्त्री सतत उठतात, आणि उठल्यावर मागे लोंबणारी वस्तू पायांत येते. शिवाय ती लोंबती बैठक पाहून जवळून जाणाऱ्या बायका हसतात, ही अडचण लहान समजू नये. तरुण मिस्त्रींनी ती तासाभरात सोडून ठेवली. ज्यांचे गुडघे कुरकुरतात अशा एका वयस्क मिस्त्रींनी मात्र पट्टे काढून टाकले आणि ती पाटासारखी सरकवत वापरली. तेव्हा पट्ट्यांशिवाय, खाली घसरेल अशा प्लॅस्टिकच्या तळाची बैठक करावी. यावर याहून अधिक वेळ घालवणार नाही.

२२ एप्रिल

वाहतूक. बायका डोक्यावर चुंबळ, तिच्यावर फळी आणि फळीवर ब्लॉक अशा पद्धतीने नेतात. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकटीने उचलायच्या वजनाची मर्यादा प्रौढ स्त्रीसाठी ३० किलो आणि पुरुषासाठी ५५ किलो आहे. झिगझॅगचे सहा ब्लॉक २८.८ किलो होतात आणि फळी धरली की मर्यादा गाठली जाते. सातवा ठेवला की ओलांडली जाते. तो मर्यादेचा आकडाही एकेका खेपेचा आहे, दिवसाला किती खेपा हे त्यात येत नाही.

हातात धरून नेण्याची ओळ-पकड, म्हणजे पाच ब्लॉक एकत्र दाबून उचलणारी, करून पाहण्याचा मोह होता. ती सोडून दिली, कारण डोक्यावरचे ओझे पाठीच्या कण्यावर सरळ उतरते आणि एका हातातले ओझे कणा एका बाजूला वाकवते. त्यापेक्षा सोपा उपाय डोळ्यांसमोर आहे. ब्लॉकांचे काम नेहमी बसलेल्या भागावरून पुढे सरकते, म्हणजे थप्पीपासून मिस्त्रींपर्यंत सपाट पक्का रस्ता आपोआप तयार होत असतो. त्यावरून दोन चाकांची ढकलगाडी चालते. मुकादमाला हे पटले, पण कॉम्पॅक्टर फिरण्याआधी त्या भागावर चाक नेऊ नये, हा त्यांचा आग्रह रास्त आहे. एकाच रेषेत चाक फिरले तर वाळूत चर पडतात. रुंद रबरी चाके आणि खाली अंथरायला प्लायवूड, असा तोडगा निघाला.

एक मावशी म्हणाल्या, “गाडी द्या, पण थप्पी कमरेएवढ्या उंचीवर उतरवायला सांगा. वाकून उचलायचं असलं तर गाडीनं काय होणार?” ट्रक रिकामा करणारे ब्लॉक जमिनीवर उतरवतात, आणि खालचे दोन थर उचलताना कंबर सर्वांत अधिक वाकते. लाकडी पॅलेटवर थप्पी लावण्याची अट खरेदीच्या कागदात घालता येईल. प्रकल्पातील ही सर्वांत स्वस्त सुधारणा ठरावी, आणि त्यात हत्यार कुठेच नाही.

८ मे

ब्लॉक काढण्याची पकड. आज तिचे गणित पूर्ण झाले, आणि ते येथे सविस्तर लिहितो.

रचना चुलीवरचे पातेले उतरवायच्या सांडशीसारखी आहे, पण उलट्या चालीची : वर ओढले की खालची पाती आत दाबली जातात. वरच्या आडव्या दांड्याला ओढण्याचा जोर प लावला तर प्रत्येक पात ब्लॉकवर त्याच्या क पट दाब देते. क हे भुजांच्या लांबीवरून ठरणारे गुणोत्तर. दोन्ही बाजूंचे घर्षण मिळून ओढीपेक्षा कमी पडू नये, एवढीच न घसरण्याची अट आहे. समीकरण मांडले की ओढ दोन्हीकडून कटते आणि उरते ते इतकेच : क हे एक भागिले घर्षणांकाची दुप्पट, याच्या बरोबर किंवा अधिक हवे. म्हणजे ब्लॉक किती घट्ट अडकला आहे याचा प्रश्नच राहत नाही. जितके अधिक ओढावे तितकी पकड घट्ट होते. ओल्या, चिखलाळ काँक्रीटवर पोलादाचा घर्षणांक ०.२५ इतका खाली धरला तरी क किमान २ येतो. आम्ही ३ घेतला आहे.

याहून मोठा का नको, तर गुणोत्तर वाढवले की पाती तेवढ्या प्रमाणात कमी उघडतात आणि दांडा फार लांब सरकावा लागतो. काँक्रीट चिरडण्याची भीती मात्र नाही. ४० किलोभाराने ओढले तर प्रत्येक बाजूला १२० किलोभार, म्हणजे सुमारे १२०० न्यूटन येतात. ४० मि.मी. रुंद पात ४५ मि.मी. खोलवर टेकली तर चौरस मिलिमीटरला पाऊण न्यूटनही होत नाही, आणि ब्लॉक एम-४० आहे.

अवघड भाग पातीचा आहे. ती सांध्यात शिरण्याइतकी पातळ हवी आणि न वाकण्याइतकी ताठही. साध्या लोखंडाची २ मि.मी.ची पट्टी नमुन्यात पहिल्याच झटक्याला वाकली. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातून गाडीच्या कमानीचा पाटा आणून, तो घासून टोकाकडे १.८ मि.मी.पर्यंत उतरता केला, आणि ते काम जमले. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरू नये म्हणून घासताना सतत पाणी सोडावे लागते. रुंदी ४० मि.मी.पेक्षा अधिक ठेवता येत नाही, कारण झिगझॅगची बाजू नागमोडी असते आणि रुंद पात तिच्या दोन उंचवट्यांवरच टेकते.

दांड्याची उंची ठरवण्यासाठी टोळीतील स्त्री-पुरुषांची मुठीची उंची मोजली, म्हणजे उभे राहून हात सैल सोडल्यावर मूठ जमिनीपासून किती वर येते ते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय शरीरमापांचे कोष्टक सोबत होतेच. ओढायला सर्वांत बरी उंची गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली. दांडा ७०० मि.मी.वर घेतला आणि ६०० पर्यंत खाली आणता येईल अशी दोन भोके ठेवली. मुठीचा व्यास ३२ मि.मी., कारण ही पकड बायकाही वापरणार आहेत आणि ३८ मि.मी.ची मूठ त्यांच्या बोटांत पूर्ण वळत नव्हती.

३० मे

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठले. काम बंद असले तरी चाचणीसाठी ही वेळ चांगली आहे, कारण ओला सांधा ही आमच्या हिशेबातील सर्वांत वाईट स्थिती होती. सांध्यातील वाळू आधी खरवडून काढावी लागते, ८० मि.मी.च्या ब्लॉकला किमान ५० मि.मी. खोल. त्यासाठी पातीच्याच पाट्यातून उरलेल्या तुकड्याची, टोकाला आकडा असलेली एक खरवडणी केली. कोरडी वाळू तिने सहज निघते. ओली वाळू तिला चिकटते आणि दर वेळी झटकावी लागते.

१७ जून

पकड घेऊन एका जुन्या फुटपाथवर गेलो, जेथे केबलसाठी उकलणी चालली होती. सरळ ओढून पहिला ब्लॉक आला नाही. एका कडेला भार देऊन, मग दुसऱ्या कडेला, असे डोलवत ओढले तेव्हा तो अखंड निघाला. पातींची पकड सुटली नाही. एकदा एक बाजू मोकळी झाली की पुढचे ब्लॉक नुसते उचलून घ्यावेत इतक्या सहज येतात, आणि तेथे पकडीपेक्षा हातच वेगवान आहे. कामगारांनी लगेच ती बाजूला ठेवली. म्हणजे हे हत्यार पहिल्या ओळीपुरते आहे. एका टोळीला एक पुरे.

तेथील ठेकेदाराच्या माणसाने विचारलेला प्रश्न मार्मिक होता. ब्लॉक अखंड निघाले तर ते परत बसवावे लागतील. फुटले तर नवे येतील. नव्यांचे पैसे कोण देतो यावर या पकडीला गिऱ्हाईक आहे की नाही हे ठरेल. ज्या सोसायट्या स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करतात त्यांना ती हवी असेल. इतरत्र ती निविदेच्या अटींमधूनच येऊ शकेल.

४ जुलै

अंतिम आराखडे फॅब्रिकेटरकडे दिले. हातोडीच्या डोक्याचा वरचा भाग १५ मि.मी. वाढवला आहे आणि त्यामुळे झोका कमी झाला आहे. पकडीच्या पातींचे दोन संच आहेत : झिगझॅगसाठी ४० मि.मी.चा आणि आयताकृती ब्लॉकसाठी ६० मि.मी.चा. पिन काढून ते बदलता येतात. आय-आकाराच्या ब्लॉकला मधल्या अरुंद भागात अरुंद संचच लागतो, हे आराखड्याच्या कडेला लिहिले आहे.

ट्यूबच्या वेढ्यांसाठी वेगळे उत्पादन करण्याचा विचार सोडला. त्याऐवजी मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबवर ठेवून कापायचा पत्र्याचा एक साचा केला, ज्यात अंगठ्यासाठी रुंद आणि तीन बोटांसाठी अरुंद अशा पट्ट्या एका कापात निघतात, बोटांची टोके उघडी राहतात आणि वेढा पेराच्या घडीवर येत नाही. ज्या मिस्त्रींनी ही युक्ती आधीपासून वापरली होती त्यांनी साचा पाहून अंगठ्याची पट्टी आणखी अर्धा इंच लांब हवी असे सांगितले. ती तशी करून पुढच्या आठवड्यात साचे टोळीकडे पाठवायचे आहेत. हातोड्यांचा पहिला संच तयार झाला की झिजेचे छाप पुन्हा घ्यायचे. त्यासाठी कार्बन कागद आणि तोंडांचे जास्तीचे रबर मागवले आहे.